एक्सपी ते अकरा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सपोर्ट संपला. मशीन धडधाकट, पण प्रोसेसर जुना किंवा टीपीएम २.० ही सुरक्षा चिप नाही, अशांना विंडोज ११ अधिकृतपणे टाकता येत नाही. २०१५ साली विंडोज बनवणाऱ्या कंपनीच्याच एका माणसाने भर परिषदेत विंडोज १० ही शेवटची आवृत्ती असल्याचं सांगितलं होतं. २०२१ मध्ये अकरा आलीच.

ही गोष्ट मुळापासून सांगायची, तर नव्वदीबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. ९५ आली, ९८ आली, निळे पडदे दाखवून गेली. खरा काळ सुरू झाला ऑक्टोबर २००१ मध्ये, एक्सपीपासून. त्याच सुमारास एमएस-सीआयटीचे वर्ग निघाले आणि तालुक्याच्या गावातली मुलंही माऊस धरू लागली. संगणकावर मराठी युनिकोड हवं, तर कंट्रोल पॅनेलमधल्या रीजनल सेटिंगमध्ये जाऊन टिक करायची, की लगेच सीडीची मागणी. ती नेमकी कुणीतरी नेलेली असायची.

आज एक्सपीला डोक्यावर घेणारे ऑगस्ट २००३ सोयीस्करपणे विसरतात. ब्लास्टर नावाचा वर्म शिरला की पडद्यावर ६० सेकंदांची उलटी मोजणी सुरू. तेवढ्यात रन उघडून ‘शटडाऊन’, वजाचं चिन्ह आणि ‘ए’ टाइप केलं तर मशीन बंद पडायचं वाचे. तो ज्यातून शिरायचा ते भोक बुजवणारा पॅच जुलैतच आला होता, लावला कोणी? ऑक्टोबरपासून महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी पॅच देण्याचा शिरस्ता पडला. २००४ च्या सर्व्हिस पॅक २ ने फायरवॉल आपसूक चालू केली. एक्सपी मुळात गुणी नव्हती. निगा राखून राखून ती गुणी झाली. पुढची आवृत्ती रखडत रखडत २००७ मध्ये व्हिस्टा म्हणून अवतरली आणि लोकांनी तिला नाक मुरडलं, त्यामुळे एक्सपीचं आयुष्य आणखी लांबलं. तिचा सपोर्ट थांबला एप्रिल २०१४ मध्ये. तरी आपली कितीतरी एटीएम तिच्यावरच चालत राहिली. शेवटी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला बँकांना जून २०१९ ची मुदत घालून द्यावी लागली. फुकटच्या चिकटपणाला निष्ठा म्हणू नये.

सपोर्ट कायम द्या, असं कुणीच म्हणत नाही. जुना कोड सांभाळायला माणसं लागतात, प्रत्येक पॅच तपासावा लागतो. दहाची तारीख तर २०१५ पासून जाहीर होती. जाहीर नव्हतं ते हे, की पुढच्या आवृत्तीसाठी मशीनच बदलावं लागेल. विंडोज ७ चं मशीन बहुधा दहा पेलायचं. त्याच सवयीवर २०१७ मध्ये संगणक घेणारे गाफील राहिले आणि फसले. आता घरगुती ग्राहकांना दिलेली वर्षभराची मुदतवाढ ही निव्वळ मलमपट्टी.

म्हणून शाळा, पतपेढ्या, ग्रामपंचायती, ज्या कुणाला नवे संगणक घ्यायचे आहेत, त्यांनी विक्रेत्याला किंमत विचारण्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात: सपोर्ट कोणत्या तारखेपर्यंत, आणि पुढची आवृत्ती याच मशीनवर चालेल का? दोन्ही उत्तरं लेखी घ्यावीत.