घड्याळ पंधरा मिनिटे पुढे कसे गेले?

हिवाळा आला की यवतमाळ, पुसद, दिग्रस, उमरखेड या भागांतून बौद्ध स्थळांच्या यात्रेला गाड्या निघतात. बोधगया, सारनाथ, कुशीनगर, श्रावस्ती करीत मंडळी लुंबिनीला जातात. बाकीची स्थळे भारतात आहेत. लुंबिनी मात्र नेपाळात. उत्तर प्रदेशातील सोनौली येथे सीमा ओलांडली की थोड्याच वेळात अनेकांच्या लक्षात येते, की खिशातल्या फोनचे घड्याळ पंधरा मिनिटे पुढे गेले आहे. हातातले साधे घड्याळ मात्र जुनीच वेळ दाखवीत असते. फोनला कोणी हात लावलेला नसतो. मग वेळ बदलली कोणी?

यात्रेहून परत आलेला एखादा विद्यार्थी वर्गात हा प्रश्न विचारील, तर त्याला हात धरून बरेच काही शिकवता येईल. भूगोल, गणित, पदार्थविज्ञान आणि नागरिकशास्त्रही. शिवाय आपल्यापैकी कोणी लुंबिनीला, हजला, किंवा परदेशी राहणाऱ्या मुला-मुलींकडे जाणार असेल, तर पैसे आणि मनस्ताप वाचवणारी माहितीही याच प्रश्नातून निघते.

प्रथम भूगोल. भारताची प्रमाणवेळ 82 अंश 30 मिनिटे पूर्व रेखावृत्तावरून ठरते. नेपाळने 1986 साली 86 अंश 15 मिनिटे पूर्व हे रेखावृत्त स्वीकारले. दोहोंत फरक पावणेचार अंशांचा. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात, म्हणून पावणेचार अंशांना पंधरा मिनिटे. गंमत अशी, की लुंबिनीचे रेखावृत्त सुमारे सव्वात्र्याऐंशी अंश आहे. म्हणजे तिथला सूर्य नेपाळी वेळेपेक्षा भारतीय वेळेच्या अधिक जवळ चालतो. तेव्हा फोनने वेळ सूर्याकडून घेतली नाही, हे उघड आहे. ती त्याला मनोऱ्याने सांगितली. फोन नव्या देशाच्या जाळ्यात शिरला, की ते जाळे त्याला आपली वेळ कळवते. घड्याळ पुढे गेले याचा अर्थ, तुमचा फोन आता परक्या घरी पाहुणा झाला आहे.

पाहुण्याची ओळख

परक्या मनोऱ्याने या फोनला आत घेतलेच कसे? दुसऱ्या शाळेतून आलेला विद्यार्थी दाखल करताना आपण काय करतो ते आठवा. त्याचा दाखला पाहतो आणि शंका असेल तर मूळ शाळेकडे विचारणा करतो. फोनमधल्या सिमकार्डावर असाच एक दाखला असतो, बहुधा पंधरा अंकी. त्यातले पहिले तीन अंक देशाचे. भारतासाठी 404 आणि 405, नेपाळसाठी 429. (हे अंक म्हणजे 91 किंवा 977 हे दूरध्वनीचे देशक्रमांक नव्हेत.) पुढचे दोन किंवा तीन अंक कंपनीचे आणि उरलेले ग्राहकाचे.

नेपाळातला मनोरा हे अंक वाचतो आणि भारतातल्या त्या कंपनीकडे विचारणा पाठवतो : हा ग्राहक तुमचाच ना? सिमकार्डात एक गुप्त किल्ली असते आणि तिची जोडकिल्ली फक्त मूळ कंपनीकडे असते. मूळ कंपनी एक यादृच्छिक संख्या आणि तिचे अपेक्षित उत्तर परक्या कंपनीला देते. सिमकार्ड आपल्या किल्लीने त्याच संख्येचे गणित सोडवते. उत्तर जुळले की प्रवेश. यातली सुंदर गोष्ट अशी, की परक्या कंपनीला किल्ली कधीच कळत नाही. फक्त उत्तर जुळले एवढेच कळते.

यालाच ‘रोमिंग’ म्हणतात. पण पाहुणचार फुकट नसतो. परकी कंपनी आपल्या कंपनीकडून पैसे घेते आणि आपली कंपनी आपल्याकडून. इंटरनेटच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. लुंबिनीत उभे राहून तुम्ही लुंबिनीचाच नकाशा मागवलात, तरी ती मागणी साधारणपणे आधी भारतातल्या तुमच्या कंपनीकडे येते, तेथून इंटरनेटवर जाते आणि उत्तर त्याच वाटेने परत जाते. लेक जर्मनीत असेल तर हा फेरा मोठा. फ्रँकफर्ट ते मुंबई सरळ अंतर सुमारे 6,600 किलोमीटर. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. जाऊन येऊन 13,200 किलोमीटरला 0.066 सेकंद लागतील. समुद्रातल्या केबली सरळ रेषेत नसल्याने प्रत्यक्षात त्याहून अधिक. बोलताना जाणवणारा किंचित उशीर काही अंशी यामुळेच असतो.

खिशातले केंद्र

या पाहुणचारावर एक उपाय म्हणजे त्या देशातलेच सिमकार्ड घेणे. पण ते आपल्या फोनमध्ये घातले आणि भारतातले काढून ठेवले, तर बँकेचा सांकेतिक क्रमांक ज्या नंबरावर येतो तो नंबरच बंद पडतो. ऐन वेळी पैसे काढता येत नाहीत. शिवाय घरातली चार माणसे प्रवासात असतील तर चार सिमकार्डे लागतात.

अशा वेळी ‘हॉटस्पॉट’ उपयोगी पडतो. साबणाच्या वडीएवढी ही एक डबी असते. तिच्यात स्थानिक सिमकार्ड घालायचे. तिच्याभोवतीचे फोन बिनतारी पद्धतीने तिला जोडायचे. बहुतेक फोनमध्येही ही सोय असते. एकाच्या फोनवर हॉटस्पॉट चालू केला की तो फोनच डबीचे काम करतो.

या डबीत दोन रेडिओ असतात. पहिला दूरच्या मनोऱ्याशी बोलतो, दुसरा जवळच्या फोनांशी. पहिला ज्या वारंवारतांवर चालतो त्या सरकार लिलावाने कंपन्यांना देते. दुसरा चालतो वाय-फायच्या 2.4 गिगाहर्ट्झ किंवा 5 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात. भारतात 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी 2005 साली परवानामुक्त झाला. म्हणून घरात वाय-फाय लावायला आपल्याला कोणाची परवानगी काढावी लागत नाही, पण गच्चीवर स्वतःचा मोबाइल मनोरा मात्र उभारता येत नाही.

या फरकाचा प्रवाशाला थेट उपयोग आहे. वाय-फायचा पट्टा बहुतेक जगभर सारखा आहे. मनोऱ्यांचे पट्टे मात्र देशोदेशी वेगळे आहेत. भारतात 4जी मुख्यतः 850, 900, 1800, 2100, 2300 आणि 2500 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांत चालते. अमेरिकेत 600, 700, 1700 आणि 1900 मेगाहर्ट्झचे पट्टे महत्त्वाचे आहेत. इथे उत्तम चालणारी डबी तिथे रडतखडत चालू शकते. तिथल्या तीन मोठ्या कंपन्यांनी 2022 साली 3जी सेवाही बंद केली, त्यामुळे जुनी 3जी डबी तिथे निकामी आहे. डबी घेताना तिच्या माहितीपत्रकातले पट्टे पाहावेत, ते यासाठी.

एक पत्ता, अनेक माणसे

मनोऱ्याच्या लेखी ही डबी म्हणजे एकच ग्राहक. मग तिला जोडलेल्या दहा फोनांपैकी कोणाचे उत्तर कोणाला द्यायचे, हे कसे कळते?

आपल्या शाळेचा टपालाचा पत्ता एकच असतो. पत्र शाळेत येते, कार्यालयात नोंद होते आणि शिपाई ते योग्य वर्गावर नेऊन देतो. डबी हेच करते. आतल्या प्रत्येक फोनला ती एक खासगी पत्ता देते, बहुधा 192.168 ने सुरू होणारा. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक मागणीवर ती आपला पत्ता आणि एक नोंदक्रमांक घालते आणि वहीत टिपून ठेवते. उत्तर आले की नोंदक्रमांक पाहून योग्य फोनकडे पाठवते. इंटरनेटच्या जुन्या पद्धतीत एकूण पत्ते 2 चा 32 वा घात, म्हणजे सुमारे 429 कोटी. जगाची लोकसंख्या याहून कितीतरी अधिक. ही नोंदवहीची युक्ती नसती, तर पत्ते केव्हाच अपुरे पडले असते.

फोनची गैरसमजूत

हॉटस्पॉट वापरणाऱ्यांची सर्वांत मोठी तक्रार असते, ‘काही पाहिले नाही, तरी डेटा संपला.’ यात जादू नाही. फोनला डबीच्या मागचे सिमकार्ड दिसत नाही; त्याला दिसते फक्त वाय-फाय. वाय-फाय म्हणजे घरचे, मोजदाद नसलेले इंटरनेट, अशी त्याची समजूत. म्हणून तो तुंबलेली कामे काढतो : फोटो साठवायला पाठवणे, ॲप अद्ययावत करणे.

हिशेब करून पाहा. एकाने दिवसाला 50 फोटो काढले आणि प्रत्येक फोटो 4 मेगाबाइटचा धरला, तर 200 मेगाबाइट झाले. दहा जणांचे 2,000 मेगाबाइट, म्हणजे 2 गिगाबाइट. एकाच दिवसात, एकही पान न उघडता!

चित्रफितीचा हिशेब मुलांकडून करून घ्यावा, कारण त्यात बिट आणि बाइट यांतला फरक पक्का होतो. सेकंदाला 1 मेगाबिट या वेगाने चित्रफीत पाहिली, तर आठ बिटांचा एक बाइट म्हणून सेकंदाला 0.125 मेगाबाइट, मिनिटाला 7.5, आणि तासाला 450 मेगाबाइट.

उपाय सोपा आहे. फोनच्या वाय-फाय मांडणीत त्या जोडणीला ‘मीटर्ड’, म्हणजे मोजदाद असलेली, असे ठरवून द्यावे. काही फोनांत याच कामासाठी ‘लो डेटा’ अशी सोय असते.

दुसरी गैरसमजूत माणसांची. डबी एकाच्या खिशात आणि बाकीचे देवळात, बाजारात पांगलेले, तर जोडणी तुटते. तिचा पल्ला मोकळ्या जागी काही दशक मीटर, भिंती आल्या की त्याहून कमी. काही फोन तर वाय-फाय क्षीण झाले की मुकाट्याने स्वतःच्या सिमकार्डावर जातात आणि रोमिंगचे पैसे पडू लागतात. त्यासाठी प्रत्येकाच्या फोनवर ‘डेटा रोमिंग’ बंद ठेवावे. सिमकार्डावर आंतरराष्ट्रीय सेवा सुरू असेल तर डेटा बंद ठेवूनही संदेश येतात. ही सेवा घरून निघण्यापूर्वीच सुरू करून घ्यावी आणि फोन व संदेश यांचे दर विचारून ठेवावेत.

आणखी एक. लहरींना सीमा कळत नाही. सोनौलीत, भारताच्याच भूमीवर उभे असताना फोन पलीकडचा मनोरा पकडू शकतो. घड्याळ अचानक पंधरा मिनिटे पुढे गेले तर तीच खूण समजावी. अशा वेळी फोनमध्ये जाळे हाताने निवडता येते.

डबीला सांकेतिक शब्द लावणे आवश्यक आहे. तो किमान आठ अक्षरांचा असावा लागतो. गावाचे नाव किंवा 12345678 ठेवू नये. विमानाने जाणार असाल तर डबी आणि पॉवर बँक हातातल्या सामानात ठेवावी, कारण लिथियमच्या बॅटरीने पेट घेतला तर केबिनमध्ये तो लगेच लक्षात येतो. मर्यादा साधारणपणे 100 वॅट-तास असते. 20,000 मिलीअँपिअर-तास म्हणजे 20 अँपिअर-तास, त्याला 3.7 व्होल्टने गुणले की 74 वॅट-तास. म्हणजे चालेल. हा गुणाकारही दहावीच्या मुलांना देण्याजोगा आहे.

वर्गात करून पाहा

1. एका फोनवर हॉटस्पॉट चालू करून टेबलावर ठेवा. दुसरा फोन त्याला जोडून पाच-पाच पावलांनी दूर जा आणि संकेताच्या किती रेघा दिसतात ते लिहा. मैदानावरचा आणि वर्गखोल्यांतून जातानाचा तक्ता वेगवेगळा करा.

2. हॉटस्पॉटचा फोन आधी कापडात, मग कागदात, मग ॲल्युमिनियमच्या पन्नीत पूर्ण गुंडाळा. फरक कशाने पडतो? नंतर स्टीलचा डबा वापरा. झाकण सैल आणि घट्ट असताना काही बदलते का? (फोन तापू नये म्हणून एक-दोन मिनिटांतच बाहेर काढा.)

3. हॉटस्पॉट आणि दुसरा फोन यांच्यामध्ये पाच-सहा मुलांना दाटीने उभे करा. मग त्यांच्या जागी पाण्याने भरलेली घागर ठेवा. माणसाच्या शरीरात पाणी किती असते, याच्याशी निरीक्षण जोडा.

4. प्रकाशाचा वेग सेकंदाला 3 लाख किलोमीटर धरून 2.4 गिगाहर्ट्झ लहरीची लांबी काढायला सांगा. उत्तर 12.5 सेंटीमीटर येते. मुलांना ती पट्टीवर दाखवू द्या. न दिसणारी लहर निदान हाताच्या मापात तरी येईल.

या प्रयोगांना सीमा ओलांडावी लागत नाही, आणि हॉटस्पॉट चालू करायला डेटाही लागत नाही. पण ज्या मुलाने डब्यात बंद केलेल्या फोनच्या रेघा कमी होताना पाहिल्या आहेत आणि एका दिवसात 2 गिगाबाइट कसे संपतात ते स्वतः मांडले आहे, ते मूल यात्रेला निघालेल्या आजीचा फोन हातात घेऊन नेमकी योग्य कळ बंद करून देईल. आणि ती का बंद केली, हेही तिला समजावून सांगेल.