पर्णछत्र आणि पर्जन्यजलाची रासायनिक घडण

बोरिवली आणि मुलुंड यांच्या दरम्यान पसरलेल्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात विहार व तुळशी हे तलाव आहेत. अनुक्रमे १८६० व १८७९ मध्ये पुरे झालेल्या या तलावांच्या पाणलोटावर पडणारा पाऊस पुष्कळ ठिकाणी प्रथम पानांवर पडतो आणि मगच भूमीस मिळतो. एवढ्याशा प्रवासात त्याची रासायनिक घडण इतकी पालटते की, एकाच सरीचे मोकळ्या जागी धरलेले पाणी आणि सागाखाली धरलेले पाणी पृथक्करणात भिन्न ठरते. या पालटात हवेचा वाटा किती व वृक्षाचा किती, हे ठरविणे मात्र सोपे नाही.

काही पाणी पानांवरच अडते व वाफ होऊन जाते; त्यामुळे बाहेरून काहीही न मिसळता उरलेल्या पाण्यातील क्षारांची संहती वाढते. २५ मिलिमीटर पावसापैकी २० मिलिमीटर खाली आला, तर एवढ्यानेच ती सव्वापट होते. यास्तव तुलना संहतीची न करता, दर चौरस मीटरवर किती द्रव्य उतरले याची करावी लागते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. अशा दिवशी ही घट नगण्य होय.

उरलेली वाढ दोन मार्गांनी होते. पानांवर व फांद्यांवर साचलेली धूळ आणि समुद्री मीठ धुऊन येते, हा एक. दुसरा मार्ग पानाच्या अंतरंगातून येतो. पोटॅशियम हे पेशीरसात मोकळे असते, म्हणून ते सहज झिरपते. पावसातील हायड्रोजन आयनांच्या मोबदल्यात पाने कॅल्शियम व मॅग्नेशियमही सोडतात, आणि त्यायोगे पाण्याची अम्लता घटते. नायट्रोजनची गोष्ट उलट आहे: अमोनियम व नायट्रेट यांचा काही अंश पानेच शोषून घेतात. धुऊन आलेले द्रव्य ही अरण्याची नवी मिळकत. झिरपलेले द्रव्य मुळांनी मातीतून उचललेलेच परत येत असते. या दोहोंची गल्लत झाली की मातीच्या जमाखर्चाचा सारा हिशेब चुकतो.

ती टाळण्यासाठी जर्मन मृदाशास्त्रज्ञ बर्नहार्ड उल्रिख यांनी १९८३ मध्ये मांडलेली रीत प्रचारात आहे. पाने सोडियम फारसे देत नाहीत वा घेत नाहीत, असे तीत गृहीत धरतात. समजा, मोकळ्या जागी दर चौरस मीटरवर ७५ मिलिग्रॅम सोडियम व ५ मिलिग्रॅम पोटॅशियम उतरले. वृक्षाखाली हेच आकडे १२० व ३० आले. सोडियम १.६ पट झाले, म्हणून धुलाईसह पोटॅशियम ८ मिलिग्रॅम अपेक्षित. उरलेले २२ पानांतून आले.

परंतु उपनगरांच्या मध्ये सापडलेल्या या अरण्यात हे माप कॅल्शियमला लावणे धोक्याचे आहे. येथील सोडियम मुख्यतः समुद्राचे, आणि समुद्रजलात कॅल्शियम वजनाने सोडियमच्या सुमारे सव्विसावा भाग असते. बांधकामांची सिमेंटयुक्त धूळ मात्र कॅल्शियमने समृद्ध असते, आणि ती सोडियमच्या प्रमाणात पानांवर बसत नाही. परिणामी शहराची धूळ वृक्षाच्या खात्यावर मांडली जाते.

येथे सागाची ऋतुचर्या संशोधकाच्या उपयोगी पडते. साग उन्हाळ्यात निष्पर्ण असतो. पालवी पुरती येण्यापूर्वी पहिल्या सरी आल्या, तर तेव्हाच्या ठिबकण्यात साल व फांद्यांवरची धूळच प्रामुख्याने असणार. ऑगस्टमध्ये उलट स्थिती: हवा धुतलेली, छत्र पूर्ण, वारा खारा. तेव्हा सोडियमचे माप बरेच विश्वसनीय ठरते. एकाच वृक्षाखालची ही दोन मोजणी शेजारी ठेवावी. वार्षिक सरासरीत नेमका हाच भेद बुजतो. मात्र पात्र कारवीच्या झुडपांच्या वर ठेवले की खाली, हे नोंदवावे लागते, कारण सागातून सुटलेले पाणी कारवीच्या पानांवर पुन्हा एकदा बदलते.