दट्ट्या गेला, कष्ट उरले

सातारा आणि सांगलीची इंजिनाशी ओळख शेतीमुळे झाली. १९१० मध्ये त्या वेळच्या औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली, पुढच्या दशकात साताऱ्यात धनजीशहा कूपर यांचा कारखाना आला. दोन्ही कारखान्यांत सुरुवातीच्या काळात लोखंडी नांगर बनत. १९३० च्या दशकात कूपर यांच्या कारखान्याने डिझेल इंजिन घडवले, ते भारतीय बनावटीच्या अगदी पहिल्या इंजिनांपैकी एक. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. दट्ट्या हवेला सोळा-सतरा पटींनी आवळतो, ती इतकी तापते की फवारलेले तेल आपोआप पेटते. इंजिनाचा इतिहास हा बराचसा हवा दाबण्याचाच इतिहास आहे आणि रॅमजेट हे त्याचे टोक आहे. त्यात दट्ट्या नाही, पंखे नाहीत, टर्बाइन नाही. अतिवेगाने आत घुसणारी हवा मुखाशी थोपवली जाते, तिथेच तिचा दाब वाढतो, मग इंधन जळते आणि तापलेला वायू मागून सुटतो.

म्हणून रॅमजेटला ‘सर्वांत सोपे इंजिन’ म्हणतात. मला हे अर्धेच खरे वाटते. हलणारे भाग गेले, पण त्यांचे कष्ट गेले नाहीत, ते दुसरीकडे सरकले. आवाजाच्या निम्म्या वेगाला थोपवलेल्या हवेचा दाब जेमतेम पाचव्या हिश्श्याने वाढतो, अडीच पट वेगाला मात्र तत्त्वतः सतरा पट होतो. त्यामुळे हे इंजिन जमिनीवरून स्वतः उठू शकत नाही. फ्रान्समध्ये रेने लोरँ यांनी ही कल्पना १९१३ मध्ये मांडली. रेने लेद्युक यांचे विमान रॅमजेटच्या बळावर उडायला १९४९ उजाडले, आणि तेही दुसऱ्या विमानाच्या पाठीवरून सोडावे लागले. भारताच्या १९८३ च्या क्षेपणास्त्र कार्यक्रमातल्या ‘आकाश’ या क्षेपणास्त्रात ही अडचण नेटकेपणाने सोडवली आहे. आधी घन इंधनाचा बूस्टर साडेचार सेकंदांत आवाजाच्या दीडपट वेग देतो, मग त्याच्या रिकाम्या झालेल्या पोकळीतच रॅमजेट पेटते. धावत्या क्षेपणास्त्रातला हा क्षणभराचा बदल साधणे हे खरे अवघड काम. लष्कर आणि हवाई दलात ‘आकाश’चा औपचारिक समावेश व्हायला २०१५ साल उजाडले, त्यामागे केवळ असलेच प्रश्न होते असे नाही, पण हेही होते.

यावर एक रास्त आक्षेप आहे: नव्या ‘आकाश-एनजी’ने रॅमजेट सोडून दुहेरी स्पंदाची रॉकेट मोटर घेतली, मग हा खटाटोप वाया गेला का? तसे नाही. घन रॉकेट इंधनात वजनाने निम्म्याहून जास्त वाटा ऑक्सिडायझरचा असतो, रॅमजेट मात्र प्राणवायू वाटेतल्या हवेतून घेते. जिथे अंतर लांब आणि शेवटपर्यंत जोर हवा, तिथे हा फायदा मोठा ठरतो. आवाजाच्या २.८ पट वेगाने जाणाऱ्या ‘ब्रह्मोस’मध्ये द्रव इंधनाचे रॅमजेट आहे ते याचसाठी. हवेतून हवेत मारा करणाऱ्या लांब पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांसाठी घन इंधनाचे डक्टेड रॅमजेट तयार होत आहे. ८ एप्रिल २०२२ रोजी चांदीपूरला त्याची चाचणी यशस्वी झाली. हैदराबादच्या प्रयोगशाळांबरोबर या कामात पुण्याची एचईएमआरएल ही उच्च-ऊर्जा पदार्थांची प्रयोगशाळा होती. सातारा-सांगलीतल्या जुन्या कारखान्यांचे कौशल्य ओतकामात आणि लेथवर होते, या इंजिनाचे बरेचसे कौशल्य इंधनाच्या रसायनात आणि हवेच्या मार्गाच्या आकारात आहे. सांगलीचे वालचंद महाविद्यालय आणि कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय यांच्या परिसरात यंत्रकाम मुरलेले आहे. तिथल्या विद्यार्थ्यांना धातूइतकीच वायुगतिकी आणि ज्वलनही शिकायला मिळाले पाहिजे.