विश्लेषण : बाद दिलेल्या फलंदाजाला कर्णधार परत बोलावू शकतो का?

शेतं मोकळी झाली की साक्री आणि आजूबाजूच्या गावांत टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धा सुरू होतात. पत्रकावर बक्षिसाच्या रकमेखाली एक ओळ हमखास असते : 'पंचांचा निर्णय अंतिम राहील.' पण इथे थर्ड अंपायर नसतो, आणि पंच बऱ्याचदा खेळणाऱ्या संघांपैकीच कुणीतरी असतो. समजा, झेलाचं अपील झालं आणि पंचांचं बोट वर गेलं. यष्टीमागे उभ्या असलेल्या कर्णधाराला मात्र ठाऊक आहे की चेंडू बॅटला लागलाच नव्हता. त्याला काही करता येतं का?

येतं. क्रिकेटचा ३१ वा नियम अपिलाविषयी आहे. अपील झाल्याशिवाय पंच कुणालाही बाद देत नाहीत, आणि केलेलं अपील क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघाचा कर्णधार मागे घेऊ शकतो. अट एकच, संबंधित पंचांची संमती हवी. ती मिळाली की पंच आपला निर्णय रद्द करून फलंदाजाला परत बोलावतात. म्हणजे पत्रकावरच्या त्या ओळीलाही धक्का लागत नाही, कारण शेवटचा शब्द पंचांचाच राहतो.

वानखेडेवर काय घडलं?

याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण मुंबईतलं आहे. फेब्रुवारी १९८० मध्ये बीसीसीआयच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त वानखेडेवर भारत-इंग्लंड कसोटी झाली. भारताच्या २४२ धावांना उत्तर देताना इंग्लंडची ५ बाद ५८ अशी अवस्था झाली होती. त्यात बॉब टेलर यांना यष्टीमागे झेलबाद देण्यात आलं. पहिल्या स्लिपमध्ये कर्णधार गुंडप्पा विश्वनाथ होते. बॅटची कड लागली नसल्याची त्यांची खात्री होती. त्यांनी पंचांशी बोलून टेलर यांना परत बोलावलं.

पुढे टेलर यांनी ४३ धावा केल्या, इयान बोथम यांच्याबरोबर १७१ धावांची भागीदारी केली आणि इंग्लंडने सामना १० गडी राखून जिंकला. बोथम यांनी त्या सामन्यात शतक झळकावलं आणि १३ बळीही घेतले, त्यामुळे पराभवाचं सगळं खापर त्या एका निर्णयावर फोडता येत नाही. पण विश्वनाथ यांच्या उदारपणाची किंमत संघाने मोजली, हेही खरं.

म्हणूनच याची तुलना जानेवारी २०२३ मधल्या गुवाहाटीच्या वनडेशी करून पाहावी. शेवटच्या षटकात श्रीलंकेचा दसुन शनाका ९८ वर असताना मोहम्मद शमीने त्याला नॉन-स्ट्रायकरच्या टोकाला धावबाद केलं. रोहित शर्माने अपील मागे घेतलं, शनाकाने शतक पूर्ण केलं. कौतुक झालं, व्हायलाच हवं होतं. पण भारत तो सामना ६७ धावांनी जिंकला. तोपर्यंत निकाल जवळपास लागलेलाच होता. वानखेडेवर तसं नव्हतं.

अपील मागे न घेणं गैर आहे का?

नियमाप्रमाणे नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये लॉर्ड्सवर इंग्लंडला जिंकायला १७ धावा हव्या असताना दीप्ती शर्माने चार्ली डीनला अशाच पद्धतीने धावबाद केलं. वाद पेटला, पण कर्णधार हरमनप्रीत कौर दीप्तीच्या पाठीशी उभी राहिली. आठवडाभरातच, १ ऑक्टोबरपासून, बाद करण्याचा हा प्रकार 'अनुचित खेळा'च्या नियमातून काढून साध्या 'धावबाद'च्या नियमात टाकण्यात आला. चेंडू सुटण्याआधी क्रीज सोडणाऱ्यानेच सांभाळायचं, असा त्याचा सरळ अर्थ. न लागलेल्या चेंडूवर झेलबाद मिळवणं मात्र वेगळं. तिथे फलंदाजाची काहीच चूक नसते.

नियमपुस्तिकेची प्रस्तावना खिलाडूवृत्तीची मुख्य जबाबदारी कर्णधारावर टाकते. अजिंक्य रहाणेने २०२२ च्या दुलीप करंडक अंतिम सामन्यात ती वेगळ्या पद्धतीने पार पाडली. प्रतिस्पर्धी फलंदाजाला सतत डिवचणाऱ्या यशस्वी जयस्वालला त्याने थेट मैदानाबाहेर पाठवलं. त्याच सामन्यात जयस्वालने २६५ धावा केल्या होत्या, तरीही.

किती वेळ असतो?

फार कमी. पुढच्या चेंडूचा खेळ सुरू होण्याआधी अपील मागे घ्यावं लागतं. डाव संपवणारी विकेट असेल, तर पंच मैदान सोडेपर्यंत मुभा आहे. गावच्या फायनलमध्ये मात्र शेवटची विकेट पडताच प्रेक्षक मैदानात धावतात आणि डीजे सुरू होतो. कर्णधाराला पंचांपर्यंत पोहोचायचं असेल, तर त्या गर्दीच्या आधी.