बापाच्या मागोमाग, बिळाच्या तोंडाशी

चेन्नईहून पश्चिमेला निघालेली लोकल अंबत्तूर, आवडी करत तिरुवळ्ळूरला पोहोचते. अंबत्तूर म्हणजे कारखानेच कारखाने. १९६०च्या दशकात इथे मोठी औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि शेतं मागे सरकली. गाडी पुढे गेली की मात्र भातखाचरं दिसू लागतात. या पट्ट्यात, आणि दक्षिणेला चेंगलपट्टूकडे, इरुळा आदिवासींच्या वस्त्या आहेत. त्यांचा पिढीजात धंदा ऐकून कुणाच्याही अंगावर काटा येईल: उंदीर आणि साप पकडणं!

या धंद्याची शाळा नाही. पोर चालायला लागलं की आईबापाच्या मागे शेतात जातं. हो, आईच्याही, कारण इरुळा बायकाही साप पकडतात. मोठ्यांच्या हातात असते एक आखूड पहार. पोराने आधी शिकायचं ते बघायला, पकडायचं नंतर. बांधावर पडलेली कात, विष्ठा, मऊ मातीवर उठलेला पुसट माग. कुठलं बीळ रिकामं, कुठल्या बिळात उंदीर आणि उंदरामागोमाग आत कोण शिरलंय? घोणस मोठ्याने फूत्कारून इशारा तरी देते. फुरसं अंगाची वेटोळी घासून करवतीसारखा आवाज काढतं. मण्यार मात्र रात्रीची, गुपचूप. तिचा दंश झोपेतल्या माणसाला कित्येकदा कळतही नाही. इथे चुकलेला धडा पुन्हा गिरवता येईलच असं नाही.

धोका केवळ सापाचा नव्हता. उंदरासाठी मडक्यात पाला पेटवून धूर बिळात फुंकायचा, तोही तोंडाने! ओठ भाजायचे, धूर छातीत भरायचा. पकडलेला उंदीर आणि त्याने बिळात साठवलेलं धान्य हीच कमाई. २००३मध्ये जागतिक बँकेच्या एका स्पर्धेतून निधी मिळाला, तेव्हा कुठे इरुळा कुटुंबांच्या हाती हाताने फिरवायचं पोलादी धूरयंत्र आलं. साधं यंत्र, पण ते यायला एवढी वर्षं लागली.

सापांची गोष्ट वेगळी. पूर्वी हे लोक कातड्याच्या व्यापाऱ्यांसाठी साप मारत. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, पाठोपाठ कातड्याच्या निर्यातीवर बंदी आली आणि बापाकडून शिकलेली विद्या कायद्याने गुन्हा ठरली. पोटाचं काय? सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकाराने १९७८मध्ये इरुळांची सहकारी संस्था उभी राहिली. महाबलीपुरमच्या वाटेवर वडनेम्मेलीला तिचं केंद्र आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चार साप जिवंत आणायचे, मडक्यात ठेवायचे, काही आठवड्यांत थोड्या-थोड्या दिवसांनी विष काढायचं आणि पुन्हा रानात सोडायचे. हे विष घोड्यांना अगदी थोड्या प्रमाणात टोचतात आणि त्यांच्या रक्तातून सर्पदंशावरची लस तयार होते. भारतातल्या लस उत्पादकांना लागणारं बहुतेक विष या संस्थेकडून येत आलं आहे. म्हणजे कोकणातल्या शेतकऱ्याला आरोग्य केंद्रात जी लस मिळते, तिच्यामागे बहुधा एखाद्या इरुळा बापाची शिकवणी असते! २०२०च्या एका अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात देशात वर्षाला सरासरी ५८,००० माणसं सर्पदंशाने दगावली.

चेंगलपट्टू जिल्ह्यातल्या मासी सडैयन आणि वडिवेल गोपाल यांना २०१७मध्ये थेट अमेरिकेतून बोलावणं आलं. फ्लोरिडात बेसुमार वाढलेल्या ब्रह्मदेशी अजगरांना शोधायचं होतं. दोघांनी पंधरवड्याच्या आत १३ अजगर पकडून दिले. त्यांतली एक मादी तर १६ फुटी होती, पडीक क्षेपणास्त्र तळावर सापडलेली. २०२३मध्ये दोघांनाही पद्मश्री मिळाली.

पण किताबाने चूल पेटत नाही. किती साप पकडायचे हे सरकार ठरवतं, आणि परवानगी लांबली की कमाई थांबते. अशा धंद्यात पोराने पडावं की शाळेची पाटी धरावी? पोटच्या पोराला नागाच्या बिळाशी नेताना कुठल्या आईबापाचा जीव वरखाली होणार नाही! दोन्ही जमेल असं म्हणणं सोपं आहे, पण मागाचं शिक्षण शेतावरच मिळतं आणि तेही सुट्टीच्या दिवसापुरतं नाही.

वडनेम्मेलीहून साप रानात सोडण्याआधी त्याच्या पोटावरचे खवले थोडे कातरतात. काही महिन्यांनी तोच साप पुन्हा कुणाच्या हाती लागला, तर तो पोटावरची खूण बघतो आणि सापाला तिथेच सोडून देतो.