सही झाली, नोंदणी राहिली : मधल्या दिवसांत कागद कसा जपायचा?

21 जानेवारी 2024 चा रविवार. विहारातील सकाळची वंदना आटोपली होती, मुले खाऊ घेऊन पांगली होती आणि आम्ही सतरंज्या गुंडाळीत होतो. तेवढ्यात वस्तीतील एक वहिनी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद घेऊन पुढे आल्या. म्हणाल्या, "भाऊ, एवढं वाचून सांगा. हे म्हणतात घर आपलं झालं. मला काही तसं वाटत नाही."

कागद खरेदीखताचा होता. तारीख 3 ऑक्टोबर 2023. लिहून देणार, लिहून घेणार, दोन साक्षीदार, सर्वांच्या सह्या जागच्या जागी. मुद्रांक शुल्काचे चलनही भरलेले. गावठाणातील दोन खणांचे घर व मागचे परसू, किंमत साडेसहा लाख रुपये. पैकी सहा लाख बँकेतून दिलेले आणि पन्नास हजार नोंदणीच्या दिवशी द्यायचे ठरलेले. परंतु कागद उलटून पाहिला तर मागे काहीच नाही. दस्त क्रमांक नाही, दुय्यम निबंधकांचा शिक्का नाही, अंगठे नाहीत. वहिनींची शंका खरी होती. घर अजून त्यांचे झाले नव्हते.

त्यांचे यजमान एस.टी. त मेकॅनिक. प्रॉव्हिडंट फंडातून काढलेली रक्कम, बचत गटाचे कर्ज आणि वहिनींच्या दोन बांगड्या, एवढे त्या कागदात गेले होते. तो ट्रंकेत, 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाखाली ठेवला होता. ठेवण्याची जागा चांगली, पण ट्रंकेत ठेवल्याने कागद पक्का होत नाही.

नोंदणी का राहिली? तर विकणारे काका म्हणाले, "पितृपंधरवडा चालू आहे, सही करून देतो, पण कचेरीत त्यानंतर जाऊ." पंधरवड्यात पैसे मोजून घ्यायला त्यांची हरकत नव्हती, फक्त कचेरीची पायरी चढायला होती! आपण मुहूर्त पाळत नाही, पण समोरच्याच्या मुहूर्तापायी आपला माणूस थांबला. मग धम्मचक्र प्रवर्तन दिनाला कुटुंब दीक्षाभूमीला गेले. मग दिवाळी. मग 6 डिसेंबरला चैत्यभूमी. आणि डिसेंबर अखेरीस काकांना अर्धांगाचा झटका आला. त्यांचा मुलगा आता फोन उचलीत नव्हता. गावात बोलले जात होते की त्याने तालुक्याच्या एका माणसाकडून त्याच घराचा इसार घेतला आहे.

आणखी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. ते घर बुद्धवाड्यात नव्हते, गावाच्या मधल्या आळीत होते. आळीतल्या काहींना ते खुपत होते, आणि त्यांनीच मुलाला फूस दिली असे वहिनींचे म्हणणे. तोंडावर कोणी बोलत नाही, पण नोंदणी लांबवायला सांगता येतेच की! म्हणूनच म्हणतो, गावात घर घेताना आपल्या माणसाने इतरांपेक्षा दुप्पट घाई करावी.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. मालमत्ता हस्तांतरण कायदा 1882, कलम 54. शंभर रुपये व त्यावरील किमतीच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदलेल्या दस्तानेच होते. नोंदणी कायदा 1908, कलम 49. जो दस्त नोंदवायलाच हवा तो नोंदवला नाही तर मिळकतीवर त्याचा काही परिणाम होत नाही. पैसे दिले, ताबा घेतला, घराला चुना लावला, तरी मालक तो होत नाही. अशा कागदाच्या आधारे करारपूर्तीचा दावा लावता येतो, पण त्यास तीन वर्षांची मुदत आहे आणि दाव्यात आयुष्याची किती वर्षे जातात ते कोर्टाच्या व्हरांड्यात बसलेल्यांना विचारावे.

दुसरी, आणि आपल्या लोकांना बहुधा ठाऊक नसलेली गोष्ट म्हणजे चार महिन्यांची. खरेदीखतावर सही झाल्या दिवसापासून चार महिन्यांच्या आत तो दस्त नोंदणीस सादर झाला पाहिजे (कलम 23). त्यानंतर अपरिहार्य अडचण दाखवून जिल्हा निबंधकांकडून आणखी चार महिने मिळू शकतात, पण त्यासाठी नोंदणी फीच्या दहापटीपर्यंत दंड पडतो. तेही उलटले तर तो कागद नोंदणीपुरता संपला.

यावर अनेकजण नोटरीचा शिक्का मारून समाधान मानतात. नोटरी फक्त सही कोणी केली ते पाहते, घर कोणाचे ते ठरवीत नाही. काहीजण कुलमुखत्यारपत्र घेऊन बसतात. सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली सूरज लँप प्रकरणात साफ सांगितले की, मुखत्यारपत्र, साठेखत आणि मृत्युपत्र यांची मोट बांधून मालकी मिळत नाही. पैसे एकदम जमत नसतील तर साठेखत जरूर करावे, पण ते नोंदवून करावे. 2001 च्या दुरुस्तीपासून ताब्याला कायद्याचे संरक्षण हवे असेल तर साठेखतही नोंदलेलेच लागते. ताब्यासह केलेल्या साठेखतावर भरलेले मुद्रांक शुल्क पुढे खरेदीखतात वळते होते, म्हणजे तो खर्च वाया जात नाही. नोंदलेले साठेखत इंडेक्स-2 मध्ये दिसते. दुसरा गिऱ्हाईक आला आणि त्याने शोध घेतला तर त्याला ते सापडते, मग "मला ठाऊक नव्हते" असे तो म्हणू शकत नाही.

वतनाच्या जमिनीबाबत तर याहून जपावे. 1928 साली बाबासाहेबांनी मुंबई कायदे कौन्सिलात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे बिल मांडले, तेव्हापासूनचा हा प्रश्न. पुढे 1958 च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने खालसा झाली आणि जमिनी पूर्वीच्या वतनदारांना फेर दिल्या गेल्या, पण नवीन शर्तीवर. सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग-2' असे दिसले की समजावे, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घेतल्याशिवाय ही विकता येत नाही. दलाल काय करतात? परवानगीचा अर्ज करायचा म्हणून आधी खरेदीखतावर सही घेतात. परवानगी चार महिन्यांत येत नाही, दस्त मुदतबाह्य होतो, आणि घेणारा व विकणारा दोघेही आपलेच असले तर भावकीत वैर तेवढे उरते. अशा जमिनीत आधी परवानगी, मगच खरेदीखत. मधल्या काळापुरता परवानगीची अट घातलेला करार करावा आणि तोही वकिलास दाखवून.

हे झाले इतरांसाठी. वहिनींचे खरेदीखत मात्र सहीनिशी हातात होते आणि 3 फेब्रुवारीला चार महिने भरत होते. तेरा दिवस. सुट्या वजा केल्या तर कचेरीचे आठच.

आम्ही कारकून माणसे. आवक-जावक, पोच, तारीख यांवर आमचा जीव. वहिनींना म्हटले, काका येवोत न येवोत, आपण दस्त सादर करून टाकू. त्यांना नवल वाटले. बहुतेकांना वाटते की दोघे बरोबर गेल्याशिवाय नोंदणीची खिडकीच उघडत नाही. तसे नाही. कलम 32 प्रमाणे लिहून घेणारा एकटाही दस्त सादर करू शकतो. सादर झाला की कलम 23 ची मुदत पाळली गेली. लिहून देणाऱ्याने येऊन कबुली देणे हा पुढचा भाग, त्याला वेगळी मुदत मिळते. तो येत नसेल तर त्याला समन्स काढण्याची विनंती करता येते. तो वारला असेल तर वारसांची कबुली चालते. त्यांनी सही नाकारली तर दुय्यम निबंधक नोंदणी नाकारतात, पण तीस दिवसांत जिल्हा निबंधकांकडे अर्ज करता येतो आणि ते साक्षीदार बोलावून चौकशी करतात. साक्षीदार निवडताना चहा पिऊन उठणारा नको, बोलावल्यावर येणारा हवा, तो यासाठीच.

29 जानेवारीस सोमवारी आम्ही, वहिनी आणि रजा टाकून आलेले दादा असे कचेरीत गेलो. संगणकावर माहिती आधीच भरून ठेवली होती. खिडकीवरील गृहस्थ म्हणाले, "विकणारा कुठाय? दोघं आल्याशिवाय घेत नाही." दादा लगेच मागे सरले. सरकारी खिडकीवरून मागे सरण्याची आपली सवय जुनी आहे. वहिनी मात्र जागच्या हलल्या नाहीत. आम्ही लेखी अर्ज पुढे केला आणि एवढेच म्हटले की, साहेब, घेत नसाल तर कारण लिहून द्या, कलम 71 प्रमाणे ते पुस्तक क्रमांक 2 मध्ये नोंदवावे लागते. अर्ज आत गेला. अर्ध्या तासाने दस्त सादर करून घेतला, पावती मिळाली. वहिनींनी ती पावती तिथेच उभ्याने दोनदा वाचली.

त्याच अर्जाबरोबर गृहभेटीची विनंती जोडली होती. आजारी, अपंग माणूस कचेरीत येऊ शकत नसेल तर अधिकारी घरी येऊन कबुली घेतात. तशी सोय कायद्यात आहे, तिची जादा फी भरावी लागते. डॉक्टरांचा दाखलाही जोडला की रुग्णास समजते, फक्त उजवी बाजू लुळी आहे. याच आठवड्यात वर्तमानपत्रात जाहीर नोटीसही दिली.

गृहभेटीच्या दिवशी मुलगा दारातच उभा. "आबांना काही कळत नाही, उगाच त्रास देऊ नका." तेवढ्यात आतून काकू बाहेर आल्या, काकांची बायको. म्हणाल्या, "कळतंय त्यांना. मालकांनी पैसे घेतलेत, दवाखान्याला तेच चाललेत. त्या बाईच्या बांगड्या मोडल्यात त्यात. आत या तुम्ही." आळीतली चार माणसे ओट्यावर ऐकत होती. कोणी काही बोलले नाही. काकांनी मान हलवून कबुली दिली, डाव्या हाताचा अंगठा उमटला. उरलेले पन्नास हजार दादांनी धनादेशाने काकूंच्या समोर दिले आणि त्याची पोच घेतली.

नोंदणी झाल्यावर मुलाने इसाराची गोष्ट स्वतःच काढली. तालुक्याच्या त्या माणसाशी त्याची इसारपावती डिसेंबरातली. आमच्या दस्ताची नोंदणी फेब्रुवारीत. त्याला वाटत होते की डिसेंबर आधी येतो. पण कलम 47 असे की, नोंदलेला दस्त नोंदणीच्या नव्हे तर सहीच्या तारखेपासून लागू होतो, म्हणजे 3 ऑक्टोबरपासून. आणि घर मुलाच्या नावावर कधी नव्हतेच. इसाराचे पैसे त्याला परत करावे लागले. ते कसे केले ते आम्ही विचारले नाही.

मार्चमध्ये ग्रामपंचायतीत नोंदीचा अर्ज दिला आणि आवक क्रमांक घेतला. मासिक सभा दोनदा तहकूब झाली, तिसऱ्या सभेत ठराव झाला. काका त्या पावसाळ्यात गेले. वहिनी व दादा काकूंना भेटून आले. नमुना 8 चा उतारा दाखवायला वहिनी विहारात आल्या तेव्हा तो पिशवीतून काढलेला नव्हता, हातातच होता. मालकाच्या रकान्यात दोन नावे होती, पहिले त्यांचे.