ट्रेलरचे फिरते घर करताना...

हुडकेश्वर (नागपूर) : लहान मालवाहू ट्रेलरला फिरत्या घराचे रूप देता येते, मात्र नागपुरात बिछान्याआधी उन्हाचा विचार हवा. मे २०१३ मध्ये येथील पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा उन्हात पत्र्याची पेटी भट्टीच ठरते. त्यामुळे छत व भिंतींना आतून उष्णतारोधक थर, त्यावर प्लायवूड आणि समोरासमोर दोन खिडक्या आवश्यक ठरतात.

पाण्याची टाकी, बॅटरी असे जड सामान ॲक्सलच्या किंचित पुढे ठेवावे. मागे भार वाढल्यास वेगात ट्रेलर हेलकावे खातो. गॅसची शेगडी बाहेरच पेटवावी. धावत्या ट्रेलरमध्ये कोणालाही बसवू नये.

वाहनातील फेरबदलांबाबत मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ चे निर्बंध आहेत. म्हणूनच पत्रा कापण्यापूर्वी आरटीओकडे विचारणा करणे श्रेयस्कर.